नायक जोसेफ आणि वालावाचे खोरे

प्रतिवर्षी या स्मरणिकेच्या पानांतून एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांस व भगिनींस सादर करण्याचा आपला प्रघात आहे. बहुधा ते चरित्र आपल्याच समाजातील एखाद्या कर्त्या पुरुषाचे असते. यंदा मात्र आम्ही वाचकांस सातासमुद्रापलीकडे नेत आहोत, आणि ज्याच्या भाषेतील एक शब्दही आपल्या कानांवरून गेलेला नाही अशा माणसाची कथा सांगत आहोत. त्यास एक निमित्त आहे. आपल्या पुष्कळ घरांतील मुलेमुली आज अमेरिकेच्या वायव्य भागात, सिएटल व त्याच्या आसपासच्या नगरांत, नोकरीव्यवसायानिमित्त स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेली वडीलधारी मंडळी तेथील सरोवरांचे, पाइन वृक्षांच्या अरण्यांचे, यलोस्टोनच्या उष्णोदकाच्या कारंज्यांचे वर्णन मोठ्या हौसेने करतात. त्या भूमीवर पूर्वी कोण राहत होते आणि ती माणसे तेथून कशी उठविली गेली, हे मात्र त्या वर्णनांत सहसा येत नाही. आमच्याही वाचनात ते फार उशिरा आले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांनी मूळ गाव सोडून दोन-तीन पिढ्या लोटल्या. तरी लग्नपत्रिकेवर आपण त्या गावाचे नाव छापतो, कुलदैवताच्या दर्शनास जातो, आणि गावच्या पडक्या घराचा विषय निघाला की घरातील वृद्धांचा स्वर बदलतो. पण ते गाव आपण बहुधा पोटापाण्यासाठी, आपल्याच पायांनी सोडले आहे. ज्याच्या उरावर बंदूक रोखून तीस दिवसांत गाव सोडावयास लावले, आणि पुढे सत्तावीस वर्षे ज्याने त्या गावाखेरीज दुसरे काहीही मागितले नाही, अशा पुरुषाचे हे चरित्र आहे.

जोसेफ हे त्याचे गोऱ्यांमध्ये रूढ झालेले नाव. त्याचे खरे नाव हिन्मातूयालात्केकत. पर्वतशिखरांवरून गडगडत जाणारा मेघ, असा काहीसा त्याचा अर्थ होतो. त्याची जमात स्वतःस निमीपू म्हणवीत असे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी तिला नेझ पर्स, म्हणजे नाक टोचलेले लोक, असे नाव दिले आणि तेच सरकारी दप्तरात कायम झाले. हे लोक घोड्यांच्या पैदाशीत निष्णात होते. नद्यांतील सॅमन मासे व कुरणांतील कामास नावाचे कंद हे त्यांचे मुख्य अन्न. १८०५ साली लुइस आणि क्लार्क हे अमेरिकन सरकारचे प्रवासी डोंगर उतरून उपाशीपोटी त्यांच्या प्रदेशात आले, तेव्हा याच लोकांनी त्यांस खाऊ घातले, पुढील जलप्रवासासाठी नावा कोरण्यास मदत केली आणि ते परत येईपर्यंत त्यांचे घोडे सांभाळले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आरंभीच सांगून ठेवीत आहोत.

जोसेफचा जन्म १८४० साली आजच्या ऑरेगन राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील वालावा खोऱ्यात झाला. उंच हिमाच्छादित पर्वत, त्यांच्या पायथ्याशी निळे सरोवर, त्यातून निघालेली नदी आणि सभोवार गवताची कुरणे असे ते खोरे आहे. उन्हाळ्यात घोडे व गुरे घेऊन तेथे राहावयाचे आणि हिवाळा आला की खालच्या उबदार दऱ्यांत उतरावयाचे, असा या शाखेचा क्रम होता. त्याचा पिता तुएकाकास हा शाखेचा नायक. १८३६ साली लॅपवाय येथे आलेल्या स्पॉल्डिंग नामक पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक होता. त्याचे ख्रिस्ती नाव जोसेफ ठेवण्यात आले, म्हणून पुढे पुत्रासही लोक तरुण जोसेफ म्हणू लागले.

१८५५ साली गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने वाला वाला येथे मोठी सभा भरवून त्या भागातील जमातींशी तह केले. नेझ पर्स लोकांनी आपल्या प्रदेशाचा मोठा भाग सोडून दिला. बदल्यात सुमारे ७५ लाख एकरांचा मुलूख त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचे सरकारने मान्य केले. वालावाचे खोरे या राखीव मुलखात होते. वृद्ध जोसेफाने या तहावर आपली खूण केली, व आता आपले खोरे कायमचे सुरक्षित झाले अशी त्याची समजूत झाली. ती चुकीची होती असे म्हणता येणार नाही, कारण कागदावर तसेच लिहिले होते.

पाच वर्षे गेली आणि १८६० साली त्या मुलखात सोने सापडले. हजारो खाणवाले तहाची मर्यादा ओलांडून आत घुसले. तहाप्रमाणे त्यांस बाहेर काढणे हे सरकारचे कर्तव्य होते. सरकारने खाणवाल्यांस न हलविता मर्यादाच हलविण्याचे ठरविले. १८६३ साली नवा तह मांडण्यात आला, त्यात राखीव मुलूख सुमारे एक दशांशावर आला, आणि वालावा त्यातून वगळले गेले. आता या तहावर सही कोणी केली हे पाहण्यासारखे आहे. वक्तृत्वामुळे गोऱ्यांनी ज्यास लॉयर, म्हणजे वकील, असे टोपणनाव दिले होते तो नायक आणि त्याचे अनुयायी यांनी ती केली. त्यांची स्वतःची घरे व शेते नव्या मर्यादेच्या आतच राहत होती. ज्यांच्या जमिनी जात होत्या त्या शाखांचे नायक सही न करता निघून गेले. वृद्ध जोसेफ संतापाने परतला आणि तेव्हापासून त्याने गोऱ्यांच्या धर्माचाही त्याग केला.

सरकारने असा अर्थ लावला की बहुसंख्यांची सही सर्व जमातीस बांधते. वस्तुतः नेझ पर्स लोकांमध्ये सर्वांवर अधिकार चालविणारा एकच राजा वा अध्यक्ष कधीच नव्हता. प्रत्येक शाखा आपापल्या खोऱ्याची मालक होती. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या सभेत बहुमताने ठराव होतात आणि गैरहजर सभासदांवरही ते बंधनकारक होतात, हे आम्ही जाणतो. परंतु चुलतभावाने सही केली म्हणून आपले शेत तिसऱ्याच्या नावावर चढले, तर आपल्यापैकी कोण स्वस्थ बसेल? भाऊबंदकीच्या दाव्यांत आयुष्ये घालविलेली कुटुंबे आपल्यात कमी नाहीत. जोसेफने पुढे वॉशिंग्टनमध्ये हाच मुद्दा एका साध्या दृष्टान्ताने मांडला. कोणी आपले घोडे विकत मागितले आणि आपण नकार दिला, तर तो मनुष्य शेजाऱ्याकडे जातो, शेजारी पैसे घेऊन ते घोडे विकून टाकतो, आणि तो मनुष्य परत येऊन घोड्यांवर हक्क सांगतो, असा त्या दृष्टान्ताचा आशय होता.

वृद्ध जोसेफाने खोऱ्याच्या सीमेवर खुणेचे खांब रोवले. डोळे अधू झाले होते, तरी तो सरकारकडून एक घोंगडीही स्वीकारीत नसे, कारण दान घेतले की ते जमिनीचे मोल म्हणून नोंदले जाईल अशी त्यास भीती होती. १८७१ साली तो वारला. मरण्यापूर्वी पुत्रास जवळ बोलावून त्याने सांगितले की, ज्या भूमीत आईबापांच्या अस्थी आहेत ती कधी विकू नये. जोसेफचे वय तेव्हा ३१ होते. ही आज्ञा त्याने आयुष्यभर वागविली.

त्याच सुमारास गोरे वसाहतवाले गुरे घेऊन खोऱ्यात उतरू लागले. जोसेफने शस्त्र उचलले नाही. तो बोलणी करीत राहिला, आणि काही काळ त्यास यशही आले. १८७३ च्या जूनमध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी हुकूम काढून खोऱ्याचा काही भाग नेझ पर्स लोकांसाठी राखून ठेवला. परंतु १८७१ पासून इंडियन जमातींशी नवे तह करणेच काँग्रेसने बंद केले होते, त्यामुळे हा केवळ अध्यक्षांचा हुकूम होता. एका सहीने आलेली वस्तू एका सहीने जाऊ शकते. वसाहतवाल्यांनी ओरड केली, ऑरेगनच्या गव्हर्नराने विरोध केला, आणि १८७५ च्या जूनमध्ये त्याच ग्रँट यांनी तो हुकूम रद्द केला. वसाहतवाल्यांस मताचा अधिकार होता. जोसेफ ज्या भूमीत जन्मला तेथे तो नागरिकही नव्हता. अमेरिकेतील सर्व इंडियनांस नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली.

पुढल्याच वर्षी, १८७६ मध्ये, घोडे चोरल्याच्या संशयावरून दोघा वसाहतवाल्यांनी जोसेफच्या शाखेतील एका माणसास ठार मारले. घोडे नंतर सापडले. शिक्षा कोणासही झाली नाही. या भागाचा सेनापती ऑलिव्हर हॉवर्ड हा यादवी युद्धात एक हात गमावलेला, धर्मनिष्ठ, मुक्त झालेल्या निग्रो गुलामांच्या शिक्षणासाठी झटलेला पुरुष होता. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठास त्याचेच नाव आहे. त्याच्या हाताखालील मेजर वूड या कायदा जाणणाऱ्या अधिकाऱ्याने सर्व कागद तपासून असा अहवाल दिला की, १८६३ चा तह सही न करणाऱ्या शाखांवर बंधनकारक नाही. खोरे जोसेफकडून काढून घेणे ही चूक आहे, असे खुद्द हॉवर्डनेही १८७५ साली वर नोंदविले होते. म्हणजे अज्ञानाने अन्याय झाला असे म्हणण्याची सोय येथे नाही. १८७६ च्या नोव्हेंबरात आयोग बसला. त्यात हॉवर्डही होता. आयोगाने निर्णय दिला की, जोसेफच्या लोकांनी निमूटपणे राखीव मुलखात जावे, न जातील तर सैन्याने न्यावे.

१८७७ च्या मे महिन्यात लॅपवाय येथे शेवटची सभा झाली. सर्व नायकांच्या वतीने बोलणारा वृद्ध तुहूलहूलझोते याने, ही भूमी विकण्याची वस्तू नव्हे, अशी आपली श्रद्धा सांगताच हॉवर्डने त्यास कोठडीत घातले. मग स्थलांतरास तीस दिवसांची मुदत दिली. जोसेफने अधिक अवधी मागितला. गुरे रानोमाळ विखुरलेली होती आणि बर्फ वितळून स्नेक नदीस महापूर आला होता. अवधी मिळाला नाही. कातड्याच्या गोल नावांत म्हातारे व मुले बसवून, घोड्यांच्या आधाराने त्या लोकांनी ती नदी ओलांडली. माणसे सुखरूप उतरली, जनावरे पुष्कळ वाहून गेली. जोसेफ युद्धाच्या विरुद्ध होता, हे ध्यानात ठेवावे. बापाची आज्ञा मोडून तो खोऱ्याबाहेर पडला, तो केवळ रक्तपात टाळण्यासाठी.

तरीही तो टळला नाही. मुदत संपत आली असता जून महिन्यात दुसऱ्या एका शाखेतील तरुणांनी, ज्यांपैकी एकाच्या पित्यास पूर्वी एका गोऱ्याने मारले होते व ज्याचा न्याय झाला नव्हता, सॅमन नदीकाठच्या वसाहतवाल्यांवर सूड उगविला. पुढील दोन दिवसांत अनेक गोरे मारले गेले, आणि त्यांत सारेच अपराधी होते असे नाही. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. जोसेफ त्या वेळी गुरे कापून लोकांसाठी मांस आणण्यास नदीपलीकडे गेला होता. परतला तेव्हा सारे संपले होते.

त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांची हकीकत युद्धशास्त्राच्या ग्रंथांत विस्ताराने आली आहे, आम्ही ती थोडक्यात सांगतो. १७ जून रोजी व्हाइट बर्ड दरीत, पांढरे निशाण घेऊन आलेल्या इंडियनांवर गोळी झाडली गेल्याने युद्धास तोंड लागले. ३४ सैनिक पडले, इंडियनांचा एकही मेला नाही. लुकिंग ग्लास नावाचा नायक तटस्थ राहिला होता, त्याच्याही वस्तीवर १ जुलै रोजी सैन्याने हल्ला करून त्यास युद्धात ओढले. मग सुमारे साडेसातशे-आठशे माणसे, ज्यांत लढणारे अडीचशेंच्याही आत आणि बाकी बायका, मुले व वृद्ध, अशी ही वस्तीच्या वस्ती लोलोची खिंड चढून पूर्वेस निघाली. मार्गातील मोंटानाच्या एका गावात त्यांनी दुकानदारांकडून पैसे मोजून पीठ व इतर सामान घेतले, त्या गावास उपद्रव दिला नाही. परंतु ९ ऑगस्टच्या पहाटे बिग होल येथे झोपलेल्या वस्तीवर सैन्याने गोळीबार केला. साठ ते नव्वद माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक बायका व मुले. त्यानंतर त्यांनी यलोस्टोन उद्यान ओलांडले. ते उद्यान राष्ट्रीय म्हणून घोषित होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती आणि तेथे प्रवासी सहलीस आलेले होते. काही प्रवासी पकडले गेले, दोघे प्राणास मुकले. आपली मंडळी ज्या वाटांवर आज छायाचित्रे घेतात, त्यांच्या जवळूनच ही उपाशी, जखमी माणसे आपली मुले पाठीशी बांधून गेली.

त्या वेळच्या वृत्तपत्रांनी जोसेफला तांबडा नेपोलियन ठरविले. ही कल्पित कथा आहे. लढाईचे डावपेच लुकिंग ग्लास, व्हाइट बर्ड, जोसेफचा धाकटा भाऊ ओलोकोत आणि इतर नायक मिळून ठरवीत. जोसेफकडे तळाची व्यवस्था असे. कोठे उतरावयाचे, मुलांस काय खाऊ घालावयाचे, जखमी कसे न्यावयाचे, घोडे कसे राखावयाचे हे त्याचे काम. लेखक लोकांस यात वीररस दिसला नाही, म्हणून त्यांनी त्याच्या हाती तलवार दिली. आमच्या मते अकराशे मैलांहून अधिक वाट शेकडो बायकामुलांस घेऊन चालणे हे कोणत्याही विजयाहून उणे नव्हते, आणि घरात मोठे कुटुंब चालविणाऱ्यांस ते समजावून सांगण्याची गरज नाही.

कॅनडाची सीमा सुमारे चाळीस मैलांवर राहिली असता, ३० सप्टेंबर रोजी बेअर पॉ पर्वताच्या पायथ्याशी कर्नल माइल्सच्या सैन्याने त्यांस गाठले. पहिल्याच दिवशी ओलोकोत पडला. जोसेफने आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या हाती दोर देऊन, घोडा पकडून निसटलेल्यांबरोबर निघून जाण्यास सांगितले. त्यानंतर वर्षानुवर्षे त्या पितापुत्रीची गाठ पडली नाही. बर्फ पडू लागले, खड्डे खणून माणसे त्यांत बसली. लुकिंग ग्लास मारला गेला. व्हाइट बर्ड काही लोकांसह रात्री कॅनडात निसटला. ५ ऑक्टोबर १८७७ रोजी जोसेफने आपली बंदूक माइल्सच्या स्वाधीन केली. त्या प्रसंगी तो जे बोलला म्हणून सांगतात ते भाषण अमेरिकेत शाळेतील मुलांस पाठ असते. परंतु त्यातील शब्द किती त्याचे व किती ते लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याचे, यावर जाणत्यांत मतभेद आहे, म्हणून आम्ही त्याच्या मोहात पडत नाही.

शरण येण्याची अट स्पष्ट होती. वसंत ऋतूत या लोकांस परत आपल्या मुलखात, लॅपवायच्या राखीव प्रदेशात, पाठवावयाचे. हे वचन माइल्सने दिले होते आणि हॉवर्डच्या समक्ष दिले होते. वरिष्ठ सेनापती शर्मन याने ते मोडले. चारशेंहून अधिक कैद्यांस नद्यांतून व आगगाडीने कॅन्सस येथे नेण्यात आले. वाटेत बिस्मार्क गावी नागरिकांनी जोसेफला सन्मानाने भोजनास बोलाविले. त्याच्या आयुष्यातील मानसन्मानांचा हा आरंभ. जेवण झाले, आणि गाडी त्यास घेऊन दक्षिणेकडे निघाली.

लेव्हनवर्थ किल्ल्याजवळ नदीकाठच्या दलदलीत त्यांचा तळ पडला. डोंगरातील थंड हवेचे हे लोक हिवतापाने मरू लागले. १८७८ साली त्यांस आजच्या ओक्लाहोमात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, हलविण्यात आले. त्या जागेस त्यांनी आपल्या भाषेत उष्ण प्रदेश असे नाव दिले. त्या निर्वासात शंभराहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत तान्ही मुले फार. १८७९ च्या जानेवारीत जोसेफ वॉशिंग्टनला गेला व मंत्री, काँग्रेसचे सभासद आणि मुत्सद्दी यांच्यासमोर आपली बाजू मांडली. ती एका मोठ्या मासिकात छापली गेली, लोक हळहळले, चर्चमंडळींनी अर्ज केले, माइल्सनेही आपल्या मोडलेल्या वचनासाठी वर्षानुवर्षे लिहिणे चालू ठेवले. इतके होऊन परतीची परवानगी मिळावयास १८८५ साल उजाडले.

तीही अर्धीच. परतलेल्या २६८ लोकांपैकी ११८ जणांस लॅपवायला पाठविण्यात आले. जोसेफसह १५० जणांस मात्र उत्तरेकडे वॉशिंग्टन प्रदेशातील कोलव्हिल राखीव मुलखात नेण्यात आले. ज्यांनी ख्रिस्ती धर्म पत्करला ते एकीकडे, ज्यांनी पूर्वजांचा मार्ग धरला ते दुसरीकडे, अशी ती वाटणी होती. कोलव्हिलचा मुलूख इतर जमातींचा होता आणि या नवागतांस तेथे ठेवण्यास त्यांची संमती नव्हती. सरकारने एकाची जमीन काढून घेतली आणि त्यास दुसऱ्याच्या जमिनीवर नेऊन बसविले. दोघांनाही विचारले नाही.

१८८७ च्या डॉव्ज कायद्याने राखीव मुलूखही माणशी तुकडे करून वाटावयाचा, आणि उरलेला गोऱ्यांस खुला करावयाचा, असे ठरले. लॅपवायचा मुलूख मोजण्यास ॲलिस फ्लेचर ही विदुषी आली. तिचा हेतू चांगला होता, असे आम्हांस वाटते. मोजणी पूर्ण झाली तेव्हा सुमारे साडेपाच लाख एकर उरीव ठरले, आणि १८९५ साली ते वसाहतीस खुले झाले. १८६३ साली सही करून जे आपली जमीन राखू पाहत होते त्यांच्याही हाती अखेर एवढेच उरले. जोसेफलाही तेथे आपला तुकडा घेण्यास सुचविण्यात आले. त्याने नाकारले. तुकडा घेतला असता तर वालावावरचा हक्क सोडल्यासारखे झाले असते. कोलव्हिलमधील नेस्पेलेम गावी सरकारने त्यास घर दिले होते, पण तो शेजारी कातड्याचा तंबू ठोकून त्यातच राही.

मानसन्मान मात्र वाढतच होते. १८९७ साली तो पुन्हा वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष मॅकिन्ले यांस भेटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू यॉर्क नगरीत अध्यक्ष ग्रँट यांच्या भव्य समाधीचे उद्घाटन झाले, आणि त्या मिरवणुकीत जोसेफला घोड्यावर बसवून नेण्यात आले. ज्याच्या एका सहीने खोरे मिळाले व दुसऱ्या सहीने गेले, त्याच्याच समाधीची ही मिरवणूक. त्या वेळी त्याच्या मनात काय आले असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा. १९०३ साली तो अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस भेटला. त्याच साली सिएटलला त्याला बोलावून विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना दाखविण्यात आला आणि नाट्यगृहात त्याचे भाषण ठेवण्यात आले. तेथेही तो खोऱ्याविषयीच बोलला. १९०४ च्या आरंभी इंडियन मुलांच्या एका शाळेच्या समारंभात तो आणि वृद्ध हॉवर्ड एकाच व्यासपीठावर बसले.

या साऱ्यांत १८९९ व १९०० साली त्याने केलेल्या दोन प्रवासांची कथा आम्हांस अधिक मोलाची वाटते. बावीस वर्षांनंतर तो वालावाच्या खोऱ्यात आला. खोऱ्यात आता शेते, कुंपणे, दुकाने व शाळा होत्या. सरोवराजवळच्या एका गावास तर १८८० पासून जोसेफ हेच नाव होते. त्याने सभेत वसाहतवाल्यांस सांगितले की आपण जमीन फुकट मागत नाही, थोडी विकत द्यावी. सभेत काही जण हसले. वसाहतवाले राक्षस होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांपैकी पुष्कळांचा जन्म तेथलाच होता, त्यांनी राबून शेते केली होती, आणि आपल्या बापांनी ती कशी मिळविली हे त्यांस ठाऊक असो वा नसो, विचारण्याची त्यांस गरज वाटत नव्हती. एक तसूही जमीन देण्यास ते तयार झाले नाहीत. दुसऱ्या खेपेस बरोबर आलेल्या सरकारी निरीक्षकाने, जोसेफने आहे तेथेच राहावे, असा अहवाल दिला.

त्या प्रवासात तो पित्याच्या थडग्याशी गेला. १८८६ साली ते थडगे उकरून आतील कवटी नेण्यात आली होती व ती एका दंतवैद्याच्या दालनात शोभेची वस्तू म्हणून मांडलेली होती. त्याच थडग्याभोवती पुढे कोणा एका गोऱ्याने कुंपण घालून ते जपले होते. खोऱ्यातील लोकांची ही दोन्ही कृत्ये आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. कुंपण पाहून जोसेफच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, असे तो निरीक्षक लिहून गेला आहे.

२१ सप्टेंबर १९०४ रोजी नेस्पेलेम येथे आपल्या तंबूत, अग्नीसमोर बसलेला असताना त्याचे देहावसान झाले. वय ६४. हृदयभंगाने मृत्यू, असे तेथील सरकारी डॉक्टरने कारण दिल्याचे सांगतात. पुढल्या वर्षी सिएटलच्या विद्यापीठातील प्राध्यापक मीनी व इतरांनी पुढाकार घेऊन त्याच्या थडग्यावर शुभ्र संगमरवरी स्तंभ उभारला. थडगे नेस्पेलेमलाच आहे. वालावास नेऊन पुरावयासही त्याला जागा मिळाली नाही. त्याच्या पित्याच्या उरलेल्या अस्थी मात्र १९२६ साली सरोवराच्या काठी समारंभपूर्वक पुन्हा पुरण्यात आल्या.

जोसेफ नावाच्या गावात १९४६ पासून दरवर्षी त्याच्या नावाने घोडेस्वारीच्या खेळांची जत्रा भरते. कोलंबिया नदीवर, तो जेथे मेला त्या मुलखाच्या कडेलाच, विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या प्रचंड धरणासही त्याचेच नाव दिले आहे. त्या धरणातून वीज विपुल मिळते. मासे चढून जाण्याची वाट मात्र त्यात ठेवलेली नाही, त्यामुळे समुद्रातून येणारा सॅमन त्या भिंतीशी येऊन थांबतो. ज्यांचा मुख्य आहार तो मासा, त्यांच्या नायकाचे नाव त्या भिंतीस आहे.

जमीन मिळाली ती फार पुढे, आणि विकतच. १९९७ च्या सुमारास वालावा परगण्यातील सुमारे १० हजार एकर जमीन वन्य प्राण्यांच्या रक्षणाच्या योजनेतून नेझ पर्स जमातीच्या व्यवस्थेखाली आली. आणि २०२० च्या डिसेंबरात जमातीने जोसेफ गावालगतची १४८ एकर जमीन रीतसर खरेदी केली. मोठमोठ्या शिळांची जागा अशा अर्थाचे तिचे जुने निमीपू नाव आहे, आणि पूर्वी वृद्ध जोसेफाचा उन्हाळी तळ तेथे पडत असे. १८५५ च्या तहात ती त्यांचीच होती. २०२१ च्या जुलैमध्ये जमातीची माणसे, म्हातारी आणि मुलेही, घोड्यांवर बसून जोसेफ गावाच्या रस्त्याने त्या जमिनीकडे गेली. दुतर्फा गावकरी उभे होते.